बाई, मग पुढे काय झालं?

चौथीच्या वर्गावर इतिहास शिकवताना शिवाजी महाराजांची दक्षिणेची मोहीम आली की मी दोन वाक्यांत व्यंकोजीराजांना उरकत असे. "व्यंकोजीराजे हे महाराजांचे सावत्र भाऊ. ते तंजावरला राज्य करत होते. महाराजांनी त्यांना भेटायला बोलावलं, पण दोघांचं जमलं नाही." झालं. लगेच पुढचा धडा.

एका वर्षी एका चिमुरडीने हात वर केला. "बाई, मग पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "पुढे महाराज रायगडावर परत आले."

"त्यांचं नाही. त्या दुसऱ्या राजांचं."

"ते तिकडेच राज्य करत राहिले."

"किती दिवस?"

तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण आमच्या पुस्तकातही तंजावर एका परिच्छेदात आटोपलं होतं.

यात लाज वाटण्यासारखं आणखी एक होतं. माझी बरीचशी नोकरी वेरूळच्या आसपासच्या गावांत झाली. दरवर्षी मुलांची सहल लेण्यांना, मग घृष्णेश्वराला, आणि मग मालोजीराजांच्या गढीकडे. "मुलांनो, शिवरायांचे आजोबा इथले बरं का," हे मी किती वेळा सांगितलं असेल! वेरूळच्या पाटलांच्या घराण्याची एक फांदी रायगडावर गेली हे मला ठाऊक होतं. दुसरी फांदी कावेरीच्या काठी भाताच्या शेतांत जाऊन रुजली, हे मात्र ठाऊक असूनही मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला. मग काही वर्षांपूर्वी, पोंगल संपता संपता, चेन्नईला असलेल्या भाचीकडे जाणं झालं तेव्हा आमच्या ह्यांना म्हटलं, आलोच आहोत तर तंजावर पाहून येऊ. ह्यांचा नकार गुडघेदुखीचा होता. तो मी मोडून काढला.

आम्ही मुद्दाम दिवसाची गाडी घेतली. चिदंबरम, मयिलाडुदुरै, कुंभकोणम असं करत ती जाते. मी खिडकी सोडली नाही. आपल्याकडचा माणूस आधी त्या हिरव्यालाच बिचकतो. मराठवाड्यात हिरवं असतं ते पावसाळ्यात, आणि तेही मधूनमधून काळं. इथे क्षितिजापर्यंत भातच भात, मध्ये पाण्याचे पाट, पाटाच्या कडेला नारळ. काही शेतांत कापणी चालली होती, काही ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच साळ वाळत घातली होती. शेजारच्या बाकावरच्या एका काकांनी मोडक्या हिंदीत समजावलं, की इथे भाताचे हंगाम तीन. जूनमध्ये लावायचं ते कमी दिवसांचं 'कुरुवै', पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावून जानेवारीच्या सुमारास काढायचं ते 'सांबा', आणि कुरुवै काढलेल्या शेतातच पुन्हा लावायचं ते 'ताळडी'. ह्यांनी विचारलं, "आणि ज्वारी?" काका हसले.

तंजावरला आपण कावेरीकाठचं शहर म्हणतो, पण खुद्द मोठी कावेरी शहराच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर तिरुवैयारूवरून वाहते. त्या नावाचा अर्थच 'पाच नद्यांचं पवित्र गाव'. जवळजवळ अंतराने पाच प्रवाह पूर्वेला निघालेले. त्यांपैकी वेण्णारु आणि वडवारु हे तंजावरला लागून जातात. शिवाय शहरातून एक मोठा कालवा जातो, त्याला लोक 'पुदु आरु', म्हणजे नवी नदी म्हणतात. म्हणजे नदी एक नाही. झाडाला जशा फांद्या फुटाव्यात तशी कावेरी इथे फुटते आणि प्रत्येक फांदीवर भात लागतो. कावेरीचं दुसरं नाव 'पोन्नी'. तिकडे दुकानात मिळणाऱ्या तांदळाच्या एका जातीचं नावही तेच.

हे पाणी असं वाटून देण्याची सुरुवात कल्लणै या बंधाऱ्याने झाली. तो तंजावरच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर आहे. करिकाल चोळ राजाने तो बांधला असं मानतात, म्हणजे साधारण अठराशे वर्षांपूर्वी. वाळूच्या पात्रात दगड टाकत जायचे, ते रुततील तिथे रुतू द्यायचे, त्यावर आणखी दगड रचायचे, ही रीत. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन हा इंग्रज इंजिनियर आला, त्याने हा बंधारा नीट अभ्यासला, वाळूवर पाया कसा घालायचा ते त्यावरून शिकला आणि मग १८३०च्या दशकात वरच्या बाजूला कोल्लिडमवर नवा बंधारा घातला. शिष्य विलायतेचा, गुरू चोळांचा गवंडी! १९३४ मध्ये मेट्टूरचं धरण झालं. तेव्हापासून १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडतात तो खालच्या शेतकऱ्याचा सण. पाऊस कमी झाला की ती तारीख हुकते आणि मग कुरुवै हंगामच हुकतो. असं कितीतरी वर्षी झालं आहे.

वरच्या राज्याने धरणात पाणी अडवायचं आणि खालच्याने वाट पाहायची, हे आपल्याला का नवीन आहे? जायकवाडीसाठी नाशिक-नगरकडून पाणी सुटणार की नाही यावर आपल्याकडे दर दुष्काळी वर्षी काय काय होतं ते आपण पाहतोच. कावेरीचा तंटा त्याचाच थोरला भाऊ. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ला निकाल दिला तरी कमी पावसाच्या वर्षी दोन्हीकडची मनं तापतातच.

आता शहराकडे येते.

तंजावरचं मोठं देऊळ, बृहदीश्वर, पहिल्या राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं. विमान दोनशे फुटांहून उंच, तेही ग्रॅनाइटचं, आणि तो दगड जवळपास कुठे मिळत नाही. लोक खालून वर बघत राहतात. मी मात्र जोत्याच्या दगडांवर कोरलेल्या ओळींकडे बघत राहिले. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण त्यात काय आहे ते आधी वाचून गेले होते. देवळाचा सगळा हिशेब तिथे कोरला आहे. निरनिराळ्या गावांच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तिकांची नावं आहेत, कोणती कुठल्या रांगेतल्या कितव्या घरात राहते ते आहे, आणि प्रत्येकीला वर्षाला किती मिळायचं तेही आहे: शंभर कलम साळ. सोनं नाही, नाणी नाहीत, भात. देव, राजा, नर्तिका, शिंपी, दिवटीवाला, सगळ्यांचं पोट शेवटी त्या भातावर. हजार वर्षांपूर्वीचं ते हजेरीपत्रक बघून मला शाळेचं पगारपत्रक आठवलं, त्याला काय करणार!

चोळ गेले, पांड्य आले, मग विजयनगरच्या ताब्यातले नायक आले. नायकांनी किल्ला, राजवाडा बांधला, ग्रंथालयाची सुरुवात केली. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकून घेतलं. तंजावरच्या घराण्याचा एक वारस वाचला होता. त्याला गादीवर बसवण्यासाठी विजापूरच्या दरबाराने फौज पाठवली, आणि त्या फौजेचे सरदार होते व्यंकोजीराजे भोसले. शहाजीराजे आणि तुकाबाई मोहिते यांचे चिरंजीव. वारसाला बसवायला गेलेले व्यंकोजी पुढे स्वतःच बसले. १६७६ मध्ये ते रीतसर राजे झाले. शाळेत असते तर मुलांनी विचारलं असतं, "बाई, हे बरोबर केलं का?" मी म्हटलं असतं, "नाही. पण त्या काळात असंच चालायचं." हे उत्तर मला स्वतःलाही पुरेसं वाटत नाही.

१६७७ मध्ये महाराज दक्षिणेत आले. कोल्लिडमच्या उत्तर तीरावर, तिरुमलवाडीला, दोघा भावांची भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या मिळकतीचा अर्धा वाटा मागितला. व्यंकोजी काही दिवस राहिले, आणि एका रात्री न सांगता नदी ओलांडून तंजावरला परतले. पुढे त्यांच्या सैन्याने महाराजांच्या फौजेवर चाल केली आणि हार खाल्ली.

इथपर्यंत मी शिकवत असे. पण तह कसा झाला ते मी कधी सांगितलं नाही. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांनी नवऱ्याला समजावलं, थोरल्या भावाशी वैर नको. तह झाला तेव्हा महाराजांनी बंगळूर आणि भोवतालचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी लावून दिला. भांडण दोन भावांचं, ते मिटवलं भावजयीने, आणि दिराने तिचा मान ठेवला. आमच्या खेड्यापाड्यांतल्या बांधाच्या भांडणांत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पुस्तकात दीपाबाई नव्हत्या, म्हणून माझ्या वर्गातही नव्हत्या. चाळीस-चाळीस मुलींसमोर उभी राहून मी त्यांना वगळलं. त्याची रुखरुख अजून आहे.

'किती दिवस?' या प्रश्नाचं उत्तर आता देते. १६७६ पासून १८५५ पर्यंत. जवळजवळ एकशेऐंशी वर्षं! पुण्याची पेशवाई १८१८ ला बुडाली, साताऱ्याची गादी १८४८ ला खालसा झाली, तरी वेरूळच्या भोसल्यांची ही फांदी तंजावरला होतीच.

ती टिकली ती काही तलवारीच्या जोरावर नाही. अर्काटचा नवाब, इंग्रज, हैदर अली, सगळ्यांनी तिला लोळवलं. १७७३ ते १७७६ ही तीन वर्षं तर राज्य नवाबाच्या घशात होतं. १७८१ मध्ये हैदरच्या फौजांनी शेतं जाळली, पाटबंधारे उद्ध्वस्त केले. भाताच्या देशात लोक भुकेने मेले. जे टिकलं त्याचं कारण मला वेगळं वाटतं. हे लोक तिथले झाले. भाकरी सोडून भात खाऊ लागले एवढाच त्याचा अर्थ नाही. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे (१६८४ ते १७१२) नाटकं लिहीत. तेलुगूत लिहिली, मराठीत लिहिली, आणि एक तर असं, की त्यात संस्कृत, मराठी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाचही भाषा बोलणारी पात्रं आहेत. आपण मराठी नाटकाचा आरंभ सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांपासून धरतो. तंजावरच्या राजवाड्यात त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं होत होती. आपल्या मुलखात आपली भाषा जपणं सोपं आहे. परक्या मुलखात, तिथल्या चार भाषांना मान देऊन आपली पाचवी ठेवणं, हे राजे करत होते.

आमच्या भागातले आणखी एक तिथे आधीच पोचले होते. समर्थ रामदासांचं जांब हे गाव आता जालना जिल्ह्यात, १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्यांचे शिष्य भीमस्वामी यांनी तंजावरला मठ केला. सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरच्या कारागिराने घडवल्या अशी परंपरा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या कीर्तनकारांचं कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं वळण दिलं. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ शब्दांनी गातात. ओवी तमिळमध्ये! जात्यावरच्या आमच्या आज्यांना सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

या घराण्यातला माझा सगळ्यात आवडता राजा दुसरा सरफोजी. १७७७ चा जन्म. तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मरायच्या आधी, त्याला दत्तक घेतलं आणि श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हाती सोपवलं. काकाने गादी बळकावली. तो मुलगा मद्रासला राहून शिकला आणि १७९८ मध्ये राजा झाला. लगेच पुढच्या वर्षी कंपनीने तहावर सही घेतली: किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग राजाकडे, कारभार कंपनीकडे, राजाला वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य गेलेला बावीस वर्षांचा राजा काय करेल? आपण इतिहासात वाचलेले बहुतेक संस्थानिक शिकार आणि नाचगाणी करत. याने पुस्तकं जमवली. नायकांच्या वेळचा जुना ग्रंथसंग्रह त्याने इतका वाढवला की सरस्वती महाल ग्रंथालयात आज हजारो ताडपत्रं आणि हस्तलिखितं आहेत. काशीयात्रेला गेला तर तिथूनही पोथ्या आणल्या. धन्वंतरी महाल काढून तिथे देशी आणि विलायती दोन्ही वैद्यकांची सांगड घातली. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसह ठेवली, ती आजही आहेत. आणि माझ्यातल्या मास्तरणीला सगळ्यात भिडलं ते हे: त्याने राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यावर 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक छापलं. इसापनीतीच्या गोष्टी, मुलांसाठी. तेव्हा पुण्यात पेशवे गादीवर होते आणि तिथली मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत होती. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक भाताच्या शेतांमधल्या एका राज्य गमावलेल्या राजाने काढलं.

त्याने आणखी एक गोष्ट सोडली नाही: छत्रं. म्हणजे अन्नछत्रं, धर्मशाळा. रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी ती बांधली होती. ओरत्तनाडूचं छत्र मुक्तांबाळ या सरफोजींच्या प्रिय स्त्रीच्या नावाने आहे. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला भात मिळे. शिजवलेलं चालत नसेल त्याला शिधा. आजारी पडला तर औषध, आणि मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार. कारभार कंपनीकडे गेल्यावर १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचं काम तपशिलाने कळवलं आणि त्यांना धक्का लावू नये असं विनवलं. राज्य सोडताना माणूस काय मागून घेतो यावरून त्याची परीक्षा होते, असं मला वाटतं.

भाताच्या या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ती सांगितली नाही तर मी पुन्हा तीच जुनी चूक केल्यासारखं होईल. त्या हिरव्यागार शेतांचे मालक मिरासदार. चिखलात उभं राहून लावणी करणारे बहुतांश दलित मजूर, पिढ्यान् पिढ्या बांधलेले. मंदिर चोळांचं असो, छत्र भोसल्यांचं असो, भात पिकवणारे हात त्यांचे. जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या नागपट्टिणम जिल्ह्यातल्या, कीळवेण्मणी गावात मजुरीची थोडी साळ वाढवून मागितल्यावरून तंटा पेटला आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री झोपडीत आसऱ्याला गेलेले चव्वेचाळीस जण जाळून मारले गेले. बहुतेक बायका आणि मुलं. उच्च न्यायालयात जमीनदार सुटले. १९२७ ची २५ डिसेंबर ही तारीख महाडमुळे आपल्याला पाठ असते. १९६८ ची ही तारीख मला साठी उलटल्यावर कळली. जगातल्या कोणत्याही 'तांदळाच्या कोठारा'बद्दल वाचाल तेव्हा विचारा, की कोठार भरलं कोणी?

सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव, त्यांचंही नाव शिवाजी, १८५५ मध्ये वारले. मागे राण्या आणि मुली. मुलगा नाही, म्हणून कंपनीने राज्य तर घेतलंच, घरातली खाजगी चीजवस्तूही घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. मद्रासच्या न्यायालयात कंपनीवर दावा लावला आणि जिंकल्या! पण १८५९ मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. म्हणाले, हे राजसत्तेचं कृत्य आहे, कोर्टाला त्यात पडता येत नाही. दीपाबाईंपासून सुरू झालेली ही कथा अशी कामाक्षीबाईंपाशी संपते.

संपते म्हणजे, राज्याची.

बृहदीश्वराच्या आवाराच्या भिंतीवर नैर्ऋत्येच्या बाजूला सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याची सगळी बखर दगडात कोरून घेतली आहे. देवनागरीत, मराठीत. जोत्यावरच्या चोळांच्या तमिळ अक्षरांपुढे मी अडाणी होते, आणि इथे आल्यावर एकदम साक्षर झाले! भराभर वाचता येत नाही, जुनी भाषा, अक्षरं झिजलेली. पण मालोजीराजे, शहाजीराजे ही नावं ओळखीची. वेरूळपासून एवढ्या लांब आपल्या माणसांची नावं वाचताना माझा चष्मा धुकटला. शेजारून एक सहल चालली होती, मुलं नंदीकडे पळत होती, एकानेही त्या भिंतीकडे पाहिलं नाही. त्यांच्या बाईंनीही नाही. मी तिला दोष देत नाही.

राजवाड्याजवळच्या एका गल्लीत एका मराठी कुटुंबाकडे जायचा योग आला. भाचीच्या ओळखीतून. तिथे या लोकांना 'रायर' म्हणतात. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव यांच्या नावातला 'टी' म्हणजे तंजावर, हे मला तिथेच कळलं. ते याच समाजातले, जन्म कुंभकोणमचा. यजमान ऐंशीच्या पुढचे. बोलू लागले तर शब्द आपले, हेल तमिळ. काही शब्द असे, की मी ते फक्त पोथीत वाचलेले. त्यांच्या सूनबाईंनी केळीच्या पानावर वाढलं. भात, सांबार, पुन्हा भात, रसम, पुन्हा भात, ताक, पुन्हा भात. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं अशी गोष्ट सगळे सांगतात. त्यांनीही सांगितली आणि वर म्हणाले, "गोष्ट छान आहे, पुरावा मागू नका." शेवटी पुरणपोळी. तमिळमध्ये तिला 'बोळी' म्हणतात, मिठाईच्या दुकानात मिळते.

मी विचारलं, "इतक्या पिढ्या तुम्ही मराठी कशी टिकवली?"

ते जरा विचारात पडले. म्हणाले, "टिकवली वगैरे नाही. घरात आजी होती. ती दुसरं काही बोलत नव्हती."

मग त्यांनीच सांगितलं, की नातवंडं चेन्नईत आणि अमेरिकेत, त्यांना मराठी कळते, बोलत नाहीत. लग्नपत्रिका तमिळ आणि इंग्रजीत निघते. ग्रंथालयात आणि तिथल्या तमिळ विद्यापीठात मोडी कागदांची गाठोडी आहेत, ती वाचणारे कमी होत चालले. हे सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. "आम्ही पाहुणे म्हणून आलो, घरचे झालो," म्हणाले. "घरचं झाल्यावर पाहुण्याची भाषा किती दिवस?"

माझा घास तिथेच थांबला. कारण माझा नातू बंगळूरला असतो. तेच बंगळूर, शहाजीराजांची जहागीर, दीपाबाईंची चोळीबांगडी! त्याला मराठी कळते. बोलत नाही. मी फोनवर त्याच्याशी त्याला सोपं जावं म्हणून हिंदी-इंग्रजी जोडून बोलत असे. म्हणजे ज्या घरात आजी होती, त्या घरात आजीच सगळ्यांत आधी मराठी सोडत होती.

आजचं तंजावर म्हणाल तर सव्वादोन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, २०१४ पासून महानगरपालिका. गर्दी, रिक्षा, रेशमाची आणि सोन्याचा वर्ख लावलेल्या चित्रांची दुकानं, वीणा करणारे कारागीर. स्टेशनवर उतरलेले लोक देऊळ पाहून संध्याकाळच्या गाडीने परत जातात. तुम्ही गेलात तर तसं करू नका. एक दिवस जास्त ठेवा. भिंतीवरची बखर बघा, सरस्वती महालात तासभर बसा, आणि कल्लणैला पाणी सोडलेलं असेल तर तेही बघून या.

घरी आल्यावर मी एक केलं. रविवारच्या फोनवर नातवाला ही गोष्ट सांगायला घेतली, तुकड्यातुकड्याने, नुसत्या मराठीत. पहिले दोन रविवार तो 'हं, हं' करत होता. तिसऱ्या रविवारी व्यंकोजीराजे रात्री गुपचूप नदी ओलांडून गेले तिथे मी थांबले, म्हटलं आता पुढच्या वेळी.

पलीकडून आवाज आला, "आजी, देन व्हॉट हॅपन्ड?"

मी उत्तर मराठीतच दिलं. दीपाबाईंपासून सुरुवात केली.